जंतूंची मावशी

आटपाट नगराला साजेसं एक मोठं इस्पितळ होतं. तिथे एका रोग्याची जखम काही केल्या भरेना. म्हणून प्रयोगशाळेतल्या देवस्करबाईंनी जखमेतले जंतू काचेच्या बशीत पसरले आणि वर औषधाच्या दोन टिकल्या ठेवल्या, एक जुन्या औषधाची, एक नव्याची. जे औषध लागू पडेल, त्याच्याभोवती जंतू वाढणार नव्हते.

सकाळी नव्या टिकलीभोवती मोकळं रिंगण होतं. जुनीला मात्र जंतू अगदी खेटून बसले होते.

"बघ," जुनी नवीला म्हणाली, "तुझ्याकडे कुणी फिरकत नाही. माणसं जोडावी लागतात."

"मावशी, तुम्ही तर घरच्याच," एक जंतू म्हणाला. "साध्या पडशालाही लोक तुम्हाला बोलवायचे आणि बरं वाटलं की अर्ध्यावर सोडायचे. तुमच्याच अंगाखांद्यावर आम्ही वाढलो."

मावशीचा ऊर भरून आला. देवस्करबाईंनी बशी उजेडात धरली. "जुनं गेलं कामातून," त्या म्हणाल्या.

नवी टिकली ताठ्यात म्हणाली, "माझ्याशी असली सलगी चालायची नाही."

"घाई नाही," जंतू म्हणाला. "पडशाला आता तुम्हालाच बोलावू लागलेत. आमच्या पोरांच्या मावशी तुम्हीच."