गुडघे टेकणारा हत्ती

पूर्वी दंतपुरात वज्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी पांढरा हत्ती म्हणून जन्माला आले होते. राजाने शेजारचा सुवेल देश जिंकला, आणि लवकरच तिथले डोंगरवाले नि नदीवाले एकमेकांच्या जिवावर उठले.

रीत अशी होती, की राजाने 'यादवी' जाहीर केली की नगराची वेस उघडायची आणि बायकापोरांना बाहेर सोडायचे. पण तो शब्द उच्चारला तर जिंकले तरी काय? म्हणून दरबारात कुणी तो शब्द तोंडी आणत नसे. धूर दिसला की कुंडक मंत्री म्हणे, "चुली पेटल्यात, महाराज. सुबत्ता!" किंकाळी आली की म्हणे, "लग्नसराई." राजाला ऐकता ऐकता गोड डुलकी लागे.

एका पहाटे राजा कुंडकाला सोबत घेऊन, हत्तीवर बसून सुवेलच्या नगरात पाहणीला निघाला. धुक्यात ते नगर पाण्याखाली बुडाल्यासारखे दिसत होते. रस्त्यात माणसे आडवी पडली होती.

"साखरझोप," कुंडक म्हणाला.

"भर रस्त्यात?"

"इथली हवाच तशी, महाराज."

हत्तीला शिकवण होती, की गुडघे टेकायचे ते राजापुढेच. बोधिसत्त्वांनी पहिल्या निजलेल्यापुढे गुडघे टेकले. मग उठून पुढच्यापुढे टेकले. माहुताने अंकुश टोचला, कानामागून रक्त ओघळले, तरी गुडघे टेकणे थांबेना.

"हत्ती बिघडला! मारून टाका!" कुंडक ओरडला.

बंद वेशीपाशी उत्पला नावाची बाई दोन पोरे घेऊन बसली होती. ती म्हणाली, "महाराज, माझा नवरा डोंगरवाला, भाऊ नदीवाला. दोघं शेजारी शेजारी निजलेत बघा. तेवढं उठवा. नाहीतर दार उघडा."

हत्ती खाली बसलेलाच होता. राजा उतरला, एकाच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "अहो, उठा." राजा आलाय आणि माणूस उठला नाही, असे आजवर घडले नव्हते.

"कुंडक, हे उठत नाहीत."

"गाढ झोप, महाराज."

"मग तूही नीज यांच्याशेजारी. हवा चांगली आहे म्हणालास ना?"

कुंडक उभाच राहिला. त्याच्याकडे पाहत राजाने तो शब्द हलकेच उच्चारला. वेस करकरत उघडली, आणि पोरे कडेवर घेऊन उत्पला धुक्यात चालू लागली. मागून सारे नगर निघाले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, समोर बसलेल्या भिक्खूंना म्हणाले, "तो हत्ती मीच होतो. राजा म्हणजे दारात उभा असलेला आपला भिक्खू सुपर्ण. उत्पला आज आपल्याला भिक्षा वाढते. आणि कुंडक इथेच पहिल्या रांगेत आहे. घोरतो, आणि विचारले तर ध्यान म्हणतो."

पहिली रांग सगळीच ताठ बसली. तोंड न उघडता खरे बोलणे, तेही दुसऱ्यासाठी मार खात, याला सत्यपारमिता म्हणतात.