बेटावरची बाळंतीण

समुद्राच्या काठी एक गाव होतं, आणि गावासमोर, हाक मारली तर पोचेल न पोचेल इतक्या अंतरावर, एक चिमुकलं बेट होतं. सकाळच्या धुक्यात ते पाण्यावर तरंगायचं, दुपारच्या झळांमध्ये पेंगायचं, आणि संध्याकाळी तर ते खरंच आहे की आपल्याला भास होतोय, तेच कळायचं नाही. बेटावर माणूस नव्हतं. नुसती झाडी, आणि मधोमध एक जुनी उंच सातवीण. तिच्यावर गिधाडं येऊन बसायची.

त्या गावात एक सुईण राहायची. निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्मलेलं. हात मऊ, जीभ मात्र तिखट. तिला एकुलती एक लेक होती. लेकीचा नवरा गलबतावर गेलेला, कधी परतेल याचा नेम नाही. पोटुशी लेक दिराच्या पडवीत दिवस काढत होती, आणि दीर येताजाता ऐकवायचा, "मला इथं जाळी ठेवायचीत हो!" सुईणीचं स्वतःचं घर म्हणाल, तर पाय पसरले की दाराबाहेर जातील एवढं खोपटं. तिथं बाळंतपण करायचं तरी कसं? आईचा सगळा जीव त्या एका काळजीत अडकलेला.

आता बघा, मोकळी जागा दिसली की माणसाचे हात शिवशिवतात. गावच्या खोताला वाटलं, बेट साफ करावं आणि तिथं नारळाची वाडी उठवावी. पण गावात एक जुना नियम होता : बाळंतिणीला उठवायचं नाही. बाई असो, गाय असो, माळ्यावर व्यालेली मांजर असो, पोर आपल्या पायांनी उंबरा ओलांडेपर्यंत तिच्या जागेला कुणी हात लावायचा नाही.

"गिधाडं बेटावर अंडी घालत असतील तर?" कुणीतरी विचारलं.

झालं! देवळासमोर कडाक्याचा वाद पेटला. एक म्हणाला, घालतात. दुसरा म्हणाला, छे, नुसती बसायला येतात. तिसऱ्याने तर कहरच केला. म्हणाला, "गिधाडाचं पिल्लू कुणी पाहिलंय का आजवर? अहो, म्हातारे कावळेच पुढं गिधाडं होतात!"

शेवटी खोत वैतागला. "जन्माची गोष्ट आहे ना? मग सुईणीला पाठवा. ती सांगेल ते खरं." आणि तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मावशी, वाडी झाली की एक तुकडा तुझ्या लेकीला. वर छानसं घर बांधून देतो. जा, नीट बघून ये."

ही गोष्ट लेकीच्या नि दिराच्या कानावर घालून सुईण होडीत बसली, ती स्वप्न बघतच. बेटावर उतरल्यावर तिने गिधाडं नाही शोधली, आधी लेकीच्या घराची जागा शोधली. इथं ओटा, इथं चूल, इथं दारात तुळस. वाळूवर बसून तिने ते घर मनातल्या मनात इतकं सारवलं की शेणाचा वास येऊ लागला.

मग ती सातविणीकडे वळली. उंचावर काटक्यांचा एक मोठा भारा दिसत होता. त्यात एक गिधाड बसलेलं. दिवसभर बसलेलं. समोरच्या दगडावर सुईणही बसून राहिली. लाटांचा आवाज लांबून अंगाईसारखा यायचा, डोळा लागायचा, उघडायचा, आणि गिधाड आपलं तिथंच. दिवस कुठं संपतो नि कुठं सुरू होतो, तिला समजेना. कधीतरी दुसरं गिधाड यायचं, काटकी ठेवायचं, मग पहिलं उठायचं आणि दुसरं अगदी जपून, पाय सांभाळत, त्याच जागी बसायचं. भर दुपारी ऊन तापलं की बसलेलं गिधाड उभं राहायचं आणि दोन्ही पंख पसरून स्वतः उन्हात भाजत राहायचं.

ते पाहिलं आणि सुईण दगडावरून उठून उभी राहिली. सावली धरत होती की हो ती! कुणावर?

भाकरी घेऊन आलेला होडीवाला म्हणाला, "मावशी, मी चढू का वर? बघून सांगतो, आहे की नाही ते."

"गप रे मेल्या!" सुईण कडाडली. "बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणूस डोकावतो का कधी?"

बोलून गेली, आणि मग आपलेच शब्द तिला ऐकू आले. 'बाळंतीण' हा शब्द तिच्याच तोंडून निघाला होता. मग तिला रडूच कोसळलं. वाळूवरचं घर तिला अजून दिसत होतं, तुळशीसकट.

ती परतली तेव्हा सगळं गाव देवळासमोर जमलं होतं. सातवा महिना लागलेली लेकही खांबाला टेकून उभी होती.

खोताने विचारलं, "मावशी, अंडं पाहिलंस?"

"नाही."

"पिल्लू?"

"नाही."

"मग मिटलं तर!" खोताने मांडीवर थाप मारली. "उद्याच कुऱ्हाडी काढा."

यात एक शब्द खोटा नव्हता, बरं का. तिने आता फक्त गप्प बसायचं होतं. लेक तिच्याकडे बघून हसली. कित्येक दिवसांनी हसली. सुईणीने डोळे मिटले आणि म्हणाली, "खोतदादा, पाहिलं नाही. पण आहे."

"न पाहता कसं सांगतेस?"

"तुमच्या आईच्या पोटावर हात ठेवून मीच सांगितलं होतं, सगळं ठीक आहे म्हणून. तेव्हा तुम्ही तरी कुठं दिसत होतात?"

लोक खो खो हसले. खोताचे कान लाल झाले. "अगं पण गिधाडाची कसली आलीय बाळंतीण!"

"उन्हात उभी राहून सावली धरतेय. आणखी कशी असते बाळंतीण?"

खोत बराच वेळ मिशी चावत बसला. मग तो कुऱ्हाड उचलून पाय आपटत घरी गेला आणि त्याने ती आढ्याला खोचून टाकली.

लेक मात्र आईसमोर येऊन उभी राहिली. "तुला गिधाडाचं पोर दिसलं. माझं नाही दिसलं," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसापासून लेकीने तिच्याशी बोलणं टाकलं.

इकडे दिराने हिशेब मांडला. बेटावर घर मिळणार म्हणून त्याने इतके दिवस कळ काढली होती. आता कशाला थांबायचं? रोज कुरकुर वाढत गेली, आणि नववा महिना भरत आला असताना एका सकाळी त्याने लेकीचं गाठोडं अंगणात टाकलं आणि पडवीत जाळी ओढायला घेतली. लेक पोटाला हात लावून उन्हात उभी राहिली. सुईण धावत आली, पण तिचं दिरापुढे काय चालणार?

गलका ऐकून खोत आला. गाठोड्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि दिराला म्हणाला, "जाळी बाहेर काढ."

"खोतदादा, पडवी माझी आहे."

"बेट माझं नव्हतं का? वाडी माझी, आणून ठेवलेली रोपं माझी, सगळी वाया गेली." खोत असा ओरडला की कावळे उडाले. "एका गिधाडासाठी मी माझी कुऱ्हाड आढ्याला खोचली. तू काय माझ्याहून मोठा लागून गेलास? बाळंतिणीला उठवायचं नाही!"

जमलेल्या बायांनी माना डोलावल्या. दिराने मुकाट्याने जाळी गुंडाळली, आणि गाठोडं स्वतः उचलून आत ठेवलं.

चारच दिवसांत लेक त्या पडवीत बाळंत झाली. मुलगी झाली. सगळं आटोपल्यावर सुईण हात धुवायला अंगणात आली. दुपार डोळ्यांवर झोप आणत होती, समुद्र आभाळात विरघळून गेला होता. त्या पांढुरक्या उजेडात बेटाकडून तीन पक्षी आले. दोन मोठे, आणि मधे एक काळपट, वाऱ्यावर डगमगणारा, पडतो की काय असा उडणारा. सुईण ओल्या हातांनी बघतच राहिली.

"आई, काय बघतेस गं?" आतून लेकीने विचारलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिने आई म्हणून हाक मारली होती.

सुईणीने ओले हात पदराला पुसले. "काही नाही गं. बेटावरचं पोर उंबरा ओलांडून आलंय."

लेकीने कुशीतल्या मुलीवर पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "मग त्याच्या आईला म्हणावं, आता जरा नीज."

तात्पर्य एवढंच: जो नियम आपण नकोशा परक्यासाठी पदरमोड करून पाळतो, तोच आपल्या लेकराच्या वेळी दारात राखणीला उभा राहतो.