टिंबूला हवी आईची ऊब

एक होती कोंबडी. तिचं नाव कवडी.
तिचं धाकटं पिल्लू टिंबू.
टिंबू केवढा? लिंबाएवढा!

पहाट झाली होती. थंडी पडली होती.
कवडी बसली होती डालग्याखाली. डालगं म्हणजे बांबूची मोठ्ठी टोपली, उपडी घातलेली.
कवडीच्या पंखाखाली सगळी पिल्लं. पंखाखाली ऊबच ऊब!

डालग्याला होती एक फट. फटीतून दिसली मुंगी.
टिंबू निघाला मुंगीमागे.
काडी वाकली, टिंबू बाहेर. काडी सरळ झाली, टक्! फट बंद.
मुंगी गेली बिळात. टिंबू राहिला थंडीत.
कुड कुड कुड!

आतून आई म्हणाली, "कुक् कुक्! टिंबू, कुठं रे तू?"
"चिव चिव! आई, मी बाहेर!"
आईने बारीक भोकातून चोच काढली. टिंबूने आपली चोच तिच्या चोचीला लावली.
चोच मिळाली. पण पंख कुठे मिळतो?

टिंबू गेला कोंबड्यांच्या मालकिणीकडे, तानूमावशीकडे. तुरु तुरु तुरु.
मावशी पडवीत बसली होती, हात काखेत घालून.
"मावशी, मावशी, डालगं उचल ना!
मला आईची ऊब मिळेना!"
मावशी म्हणाली, "अरे बाळा, बोटं बघ माझी. थंडीने वळतच नाहीत. चूल पेटली, हात शेकले, की उचलते हो."

टिंबू गेला चुलीकडे. तुरु तुरु तुरु.
"चूलबाई, चूलबाई, पेट ना!
मावशी डालगं उचलेना,
मला आईची ऊब मिळेना!"
चूल म्हणाली, "राखेत निखारा आहे रे. पण काटकी नाही. शेवग्याने काटकी दिली की पेटेन. तोवर बस माझ्या राखेत. कोमट आहे."
टिंबू बसला. पाय गरम झाले. पोट गरम झालं.
पण राख काही "टिंबू" म्हणेना. राख काही कुशीत घेईना.
टिंबूला आणखीच आई आठवली. तो उठला.

टिंबू गेला शेवग्याकडे. तुरु तुरु तुरु.
"शेवगेमामा, शेवगेमामा, काटकी दे ना!
चूल पेटेना,
मावशी डालगं उचलेना,
मला आईची ऊब मिळेना!"
शेवगा म्हणाला, "काटक्या पुष्कळ. पण हलवणार कोण? वारा वाहिला की देईन."

टिंबू गेला वाऱ्याकडे. तुरु तुरु तुरु.
वारा झोपला होता बांबूच्या बेटात. घुर्र घुर्र!
"वारेकाका, वारेकाका, वाहा ना!
शेवगा काटकी देईना,
चूल पेटेना,
मावशी डालगं उचलेना,
मला आईची ऊब मिळेना!"
वारा म्हणाला, "मीच गारठलोय बाबा! सूर्य उगवला की वाहीन." आणि पुन्हा झोपला. घुर्र घुर्र!

टिंबू चढला बांधावर. तुरु तुरु... धडपड! तुरु तुरु.
इथून आईचा आवाज अगदी बारीक येत होता. "कुक्... कुक्..."
टिंबू डोंगराकडे बघून ओरडला,
"सूर्यदादा, सूर्यदादा, उगव ना!
वारा वाहेना,
शेवगा काटकी देईना,
चूल पेटेना,
मावशी डालगं उचलेना,
मला आईची ऊब मिळेना!"
डोंगराआडून सूर्य म्हणाला, "कोंबडा आरवल्याशिवाय मी कसा येऊ? कोंबडा आरवला की उगवेन."

टिंबू गेला कोंबड्याकडे. तुरु तुरु तुरु.
म्हातारा कोंबडा कुंपणापाशी एकटाच बसला होता. मान खाली घालून.
"कोंबडेबुवा, कोंबडेबुवा, आरवा ना!
सूर्य उगवेना,
वारा वाहेना,
शेवगा काटकी देईना,
चूल पेटेना,
मावशी डालगं उचलेना,
मला आईची ऊब मिळेना!"

कोंबडा म्हणाला, "कुणासाठी आरवू? माझ्याजवळ कुणी बसत नाही. माझ्याशी कुणी बोलत नाही. माझं मनच गारठलंय. कुणी ऊब दिली की आरवेन."

टिंबू म्हणाला,
"बुवा, माझ्याकडेच ऊब नाही. तुम्हाला कुठून देऊ?"
कोंबड्याच्या डोळ्यांत पाणी आलं.
टिंबूला ते दिसलं.
"बुवा, मी बसू का तुमच्याजवळ?"
टिंबू सरकला. आणखी सरकला. कोंबड्याला चिकटून बसला.
"चिव चिव. बुवा, तुमचा तुरा किती छान आहे!"

कोंबड्याने मान वर केली.
"अरे! हे काय झालं? पोरा, ऊब आली रे! इथे, छातीत!"
त्याने पंख फडफडवले. फड फड फड!
"कुकूच कू!"

कोंबडा आरवला, सूर्य उगवला.
सूर्य उगवला, वारा उठला. सूंऽऽ सूं!
वारा वाहिला, शेवगा हलला. सळ सळ!
शेवगा हलला, काटकी पडली. टप्!
टिंबूने काटकी चोचीत धरली. पळाला चुलीकडे. तुरु तुरु तुरु तुरु!
काटकी मिळाली, चूल पेटली. भक्!
चूल पेटली, मावशीने हात शेकले.
हात शेकले, बोटं वळली.
आणि मावशीने डालगं उचललं. हुप्प!

"टिंबू!"
"आई!"
कवडीने पंख उघडला. "कुठं होतास रे राजा? किती हाका मारल्या मी!"
टिंबू शिरला पंखाखाली. आत, आणखी आत.
आत आईचा वास. आत आईची छाती. धक् धक्. धक् धक्.

बाहेर छान ऊन पडलं. मावशीने कण्या टाकल्या. सगळी पिल्लं खायला धावली.
टिंबू मात्र बाहेर आलाच नाही.

गोष्ट सरली, ऊब उरली.