पाण्यातल्या रूपाची तक्रार

त्या राज्यात ज्याचं पाऊल मातीत उमटलं नाही, तो तिथे आलाच नव्हता असं धरलं जाई. कायदा जुना होता आणि एके काळी चांगलाही होता. कुणाचं अंडं चोरीला गेलं, कुणाचं पिल्लू उचललं गेलं, की ठाण्याचे शिपाई ओल्या मातीच्या पाट्या घेऊन येत, पावलाचा ठसा उचलत आणि त्यावरून चोर शोधत. तक्रारीला ठशाची पाटी जोडली की ती वर जाई. पाटी नसेल तर ठाण्यातच पडून राही. चोर मातीवरून चालत होते तोवर यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग सरकारनं पाट खोदले. टेकडीपासून खाडीपर्यंत जेवढी तळी आणि डबकी होती तेवढी सगळी एकमेकांना जोडली. पाण्याला तोंड लावून बोललं की दहा टेकड्यांपलीकडे ऐकू जाई, आणि पाण्यावर वाकलं की आपलं रूप तिकडच्या पाण्यात दिसे. लांब दिलेल्या लेकी रोज आईशी बोलू लागल्या. पिल्लं तर पाण्यावरून उठेनात. टिटवीकडे सरकारी दवंडीचं काम होतं. असं राज्य दुसरीकडे कुठे नाही, हे ती वर्षभर ओरडून सांगत होती. पाट सरकारचे, पाणी सरकारचं, कौतुकही सरकारचं. पाण्यातून कोण येतं-जातं हे मात्र कुणी बघायचं, ते ठरवायचं राहून गेलं म्हणे. राहून गेलं की राहू दिलं, ते खोदणाऱ्यांनाच ठाऊक.

कोंडाई ही मुंगसाच्या जातीची, आणि मुंगूस जन्मतःच संशयी. बिळातून बाहेर पडायचं तरी ती तीनदा वास घ्यायची. पण वास घ्यायचा तो जमिनीचा, एवढंच तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. तिची मुलगी बकुळी तळ्याकाठी बसून एका मैत्रिणीशी बोलायची. मैत्रीण पाण्यात दिसायची तीही मुंगसाचीच पोर, तेवढ्याच वयाची, गोड बोलणारी. "अजून वाक ना, नीट दिसत नाहीस," असं ती म्हणायची. बकुळी वाकली. मग आणखी वाकली. एके दुपारी पाण्यातलं तिचं स्वतःचं रूप सुटं झालं आणि पाटातून निघून गेलं. बकुळी पाण्यावर वाकलेलीच होती, आणि पाण्यात नुसतं आभाळ होतं.

त्या दिवसापासून तिनं पाण्याला तोंड लावलं नाही. ती मैत्रीण नव्हतीच, प्रत्येक पाण्यात तो चोर बसलाय, म्हणायची. सकाळी गवतावरचं दव चाटायची, तेवढंच. कोंडाई ओलं शेवाळ आणून तिच्या तोंडात पिळायची, तेही ती डोळे मिटून घ्यायची. थंडी होती तोवर दव होतं. उन्हाळा लागला की पोर जगायची कशी, हा घोर आईला लागला होता. ज्यानं रूप नेलं तो धरला गेला, ते रूप परत आलं, तरच ही पाण्याकडे जाईल, हे तिला पक्कं कळलं होतं.

ठाण्यावर आबासाहेब होते. जातीनं घोरपड. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, आणि आबासाहेब अठरा वर्षं त्या ठाण्याच्या दगडाला चिकटून होते. वागायला मात्र गोड.

"बसा बाई. चोर कुठून आला?"

"पाण्यातून."

"बरं. पाऊल?"

"पाण्यात पाऊल कसं उमटेल, साहेब?"

"तेच म्हणतोय मी," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. तक्रार मात्र त्यांनी अगदी तत्परतेनं लिहून घेतली. बारीकसारीक सगळं विचारलं. बकुळी किती वाकली होती, का वाकली होती, आधी कधी वाकली होती का. पोर मान खाली घालून सांगत होती आणि दारात दोन शिपाई कामाशिवाय उभे होते. शेवटी आबासाहेबांनी मायलेकींना पाटखात्याकडे पाठवलं.

पाटखात्याचा मुख्य बगळा होता. एका पायावर, डोळे मिटून. तो ध्यान करतोय यावर कोंडाईचा क्षणभरही विश्वास बसला नाही. डोळे न उघडताच तो म्हणाला, "पाट आमचे आहेत, पाणी आमचं आहे. रूप तुमच्या मुलीचं. म्हणजे प्रकरण ठाण्याचं." ठाणं म्हणालं, पाटात घडलं म्हणजे पाटखात्याचं. या दारातून त्या दारात जाण्यात तीन महिने गेले. दव विरळ होऊ लागलं. बकुळीची जीभ खरखरीत झाली, आणि ती बोलायचीही कमी झाली.

धोंडूनाना म्हणून एक म्हातारं पाणमांजर होतं. पाट नव्हते तेव्हापासून पाण्यात हिंडलेलं. कोंडाईची वणवण त्यानं ऐकली आणि एक दिवस आपणहून बिळाशी आला.

"कोंडे, पाण्यात पाऊल राहत नाही, पण वास राहतो. तेलकट असतो. ज्यानं कुणी पाण्यात तोंड घातलं त्याचा माग काढता येतो. चार-सहा महिने सुद्धा."

"मग हे ठाण्याला माहीत नाही?"

"माहीत नाही कसं. मीच सांगितलंय. तीनदा."

दोघं निघाले. नाना पाण्यातून, कोंडाई काठानं. सात तळी ओलांडली, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत ते एका अंगणाशी पोचले. बस्स, अर्ध्या दिवसाचं काम. ते अंगण एका उदमांजराचं होतं. सारवलेलं, स्वच्छ. येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालणारं, चारचौघांत मान असलेलं जनावर. मागच्या बाजूला दगडी कुंड होतं आणि त्याभोवती त्याच्यासारखीच पाच-सहा मानाची जनावरं बसून पाण्यात बघत होती. कोंडाई बांधाआडून वर चढली. कुंडात रूपं होती. हरणाचं पाडस, सशाची दोन पोरं, भेकराचं एक, आणि त्यांच्यात बकुळी. ती हसत होती. रूप गेलं तेव्हा ती मैत्रिणीकडे बघून हसत होती, म्हणून अजून हसतच होती.

कोंडाईचे दात शिवशिवले. नानानं तिची शेपटी धरली. "चावू नकोस. चावलीस तर तुझं पाऊल त्याच्या अंगणात उमटेल, आणि मग बघ कायदा कसा धावत येतो." तिनं ऐकलं. कायद्यावर तिचा विश्वास होता अशातला भाग नाही. आपण कोठडीत गेलो तर बकुळीच्या तोंडात शेवाळ कोण पिळणार, एवढाच हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी नानाला सोबत नेऊन तिनं आबासाहेबांना सगळं सांगितलं. जात, नाव, कुंड, वाट. आबासाहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठसा?"

"अहो, चोरच सापडलाय. आता ठसा कशाला?"

"चोर शोधणं आमचं काम आहे, बाई. तुम्ही शोधलात म्हणजे तो सापडला असं होत नाही." मग ते धोंडूनानाकडे वळले. "आणि पाण्याचा वास घ्यायला तुमच्याकडे परवाना आहे का?"

नानाकडे परवाना नव्हता. आठ दिवसांनी बातमी आली की उदमांजरानं कुंड उपसून, घासूनपुसून कोरडं केलंय, आणि रूपं दुसऱ्या कुठल्या पाण्यात हलवली आहेत. त्याला कुणी सांगितलं असेल? कोंडाईनं ही गोष्ट एकाच ठिकाणी बोलून दाखवली होती. त्यानंतर ठाण्यावरून जाताना तिचे केस उभे राहायचे.

वर्षाची सभा धरणाच्या बांधावर भरली. टिटवी उंच दगडावर चढली. पाटांतून पिल्लांवर होणाऱ्या गुन्ह्यांबाबत सरकार अत्यंत गंभीर आहे, असं तिनं सांगितलं. यंदा अशा नऊशे तक्रारी आल्या, नऊशेच्या नऊशे नोंदवल्या गेल्या, एकालाही परत पाठवलं नाही. टाळ्या पडल्या. बगळ्यानं सुद्धा एक पंख हलवला.

कोंडाई उभी राहिली. "नऊशेंपैकी शिक्षा किती जणांना झाली?"

टिटवीनं आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांनी बगळ्याकडे पाहिलं. बगळ्यानं डोळे मिटले.

"तो आकडा ठेवायची पद्धत नाही," टिटवी म्हणाली.

"मग ठेवा. आम्ही थांबतो."

मागून कुणीतरी बोललंच, की आईला काळजी होती तर पोरीला पाण्यावर सोडली कशाला. कोंडाईनं वळून पाहिलं नाही. तेवढ्यात एक भेकरीण उठली. मग एक सशीण उठली, जिच्या दोन पोरांची रूपं कुंडात दिसली होती. मग आणखी. सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि बांधावर बसलेल्यांपेक्षा उभ्या असलेल्याच जास्त दिसू लागल्या. सरकार कुठल्याशा कपारीत बसून सभा ऐकत असे. ते कसं दिसतं हे कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवशी कपारीतून हुकूम आला. येत्या अमावास्येच्या आत एक तरी तक्रार निकाली निघाली पाहिजे, आणि ती या बाईचीच असली पाहिजे.

त्या रात्री कोंडाईला कितीतरी दिवसांनी झोप लागली. त्याचीच मागाहून तिला लाज वाटली.

चार दिवसांनी आबासाहेब स्वतः बिळाशी आले. मागे शिपाई, शिपायाच्या हातात ओल्या मातीची पाटी. आबासाहेबांनी बकुळीसाठी बोरं आणली होती.

"सगळं तयार आहे, बाई. कागद वर जायला फक्त पाटी अडलीये. पोरीचा एक ठसा लागेल."

"तिचा कशाला? चोराचा घ्या."

"नियमात पाऊल असं लिहिलंय. कुणाचं ते लिहिलेलं नाही. पाटी कोरी गेली तर वरून परत येईल, आणि अमावास्या उलटेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही." त्यांच्या आवाजात खरोखर कळवळा होता.

कोंडाईनं पाटीचा वास घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. मातीला मातीचाच वास होता. तरी तिचा पाय पुढे पडेना. ती नाही म्हणणार, एवढ्यात बकुळी तिच्या पोटाखालून बाहेर आली. तिचे ओठ फुटले होते.

"मी ठेवते, आई. मग ते माझं रूप आणतील ना?"

आबासाहेब म्हणाले, "ठेव बाळ."

तिनं ठेवला. कोंडाईनं तिला थांबवलं नाही. इतके महिने जे कागद हलावेत म्हणून ती दारोदार फिरली होती, ते हलत होते.

अमावास्येच्या दुपारी पुन्हा सभा भरली. टिटवीचा आवाज आज फार खणखणीत होता. पाऊल सापडलं आहे, ती म्हणाली. आबासाहेबांनी पाटी दोन्ही हातांनी वर धरली आणि सगळ्या बाजूंना फिरवून दाखवली. पाच बारीक बोटं. गुन्हा तळ्याच्या काठावर घडला, काठावर पाऊल एकाचंच होतं, आणि पाटीशी ते तंतोतंत जुळलं. पाण्यावर वाकून आपलं रूप पाटात सोडल्याबद्दल सदर पिल्लाला एक वर्ष पाण्याकाठी फिरकायची मनाई. तक्रार निकाली. टाळ्या पडल्या, आणि त्यांत उदमांजराच्या टाळ्याही होत्या. ते पुढच्याच रांगेत बसलं होतं.

बकुळीनं आईला विचारलं, "म्हणजे कुणाला धरलं?" कोंडाईनं पोरीला तोंडात धरलं, लहानपणी धरायची तसं, आणि ती सभेतून निघाली.

त्याच आठवड्यात उरलेल्या तक्रारवाल्यांना ठाण्याचे निरोप गेले. काम मार्गी लागत आहे, येताना पिल्लाला सोबत आणावं. सकाळपासून रांग लागली. ती पार वळणापर्यंत गेली. कोंडाई रांगेच्या कडेनं धावत एकेकीला सांगत होती, ठेवू देऊ नका, पाय ठेवू देऊ नका. भेकरीण म्हणाली, "थांब गं, वर्षानं नंबर लागलाय." कुणी रांग सोडली नाही.

ठाण्याच्या अंगणात पाट्या उन्हात वाळत घातल्या होत्या. ओळीनं, नीट, एकीला एक न चिकटता, सगळ्यांवर इवलीइवली पावलं. पुढची पाटी मांडून शिपाई सशिणीच्या धाकट्याला म्हणाला, "बाळा, जरा जोरानं दाब, ठसा स्पष्ट यायला हवा." ते पोर शिपायाकडे बघून हसलं, आणि आपलं काम चांगलं व्हावं म्हणून दोन्ही पाय जुळवून पाटीवर उभं राहिलं.