एकेचाळीस मजले आणि एक हरकत

नदीकाठी एक आटपाट अरण्य होतं. तिथं सिंहाचं राज्य होतं आणि लोकशाहीही होती. म्हणजे दर पाच वर्षांनी मतदान व्हायचं आणि वनराज प्रचंडराव निवडून यायचे. एकदा त्यांच्या मनात आलं, आपली उभारलेली शेपूट फार देखणी दिसते, ती साऱ्या जगानं पाहावी. म्हणून शेपटीच्या आकाराचा, वर दगडी गोंडा असलेला एकेचाळीस मजली मनोरा बांधायचं ठरलं. आराखड्याचं काम कोकिळेला मिळालं. तिनं जन्मात घरटं बांधलं नव्हतं, त्यामुळे तिचं एखादं बांधकाम कोसळल्याची नोंदही नव्हती.

मनोरा उभा राहिला आणि अरण्य म्हणालं, ही तर उलटी केरसुणी. घरात उभी केरसुणी अशुभ, अशी कुजबुज सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं, की यापुढे घरोघरी केरसुणी उभीच ठेवावी आणि येताजाता तिला नमस्कार करावा. माकडांनी तर मिरवणूकच काढली.

ठमाबाई कासविणीला केरसुणीशी काही देणंघेणं नव्हतं. तिची बावीस अंडी मनोऱ्यामागच्या वाळूत पुरलेली होती आणि आता तिथं दिवसभर सावली पडत होती. वाळू गार पडली की अंडी फुटत नाहीत, आणि उकरून हलवली तर आतला जीव जातो. तिच्या जिवाला घोर लागला.

तेवढ्यात दवंडी आली. मनोऱ्याबाबत हरकती व सूचना मागवल्या होत्या. मुदत तीस दिवस, कार्यालय एकेचाळिसाव्या मजल्यावर. लिफ्ट फक्त माननीयांसाठी होती. ठमाबाई पहिल्याच दिवशी जिना चढू लागली आणि तिसाव्या दिवशी दुपारी धापा टाकत वर पोचली. रांग नव्हतीच.

कारकून मुंगूस भला होता. त्यानं पाट दिला, पाणी दिलं. अंड्यांचा विषय निघाल्यावर तर तो फारच आपुलकीनं ऐकू लागला.

"मावशी, सावली तुमच्या अंगावर पडते का?"

"नाही रे बाबा, अंड्यांवर पडते."

"मग बाधित अंडी झाली. हरकत बाधितानं स्वतः हजर राहून नोंदवायची असते."

"ती फुटलीच नाहीत तर येतील कशी?"

"मुद्दा रास्त आहे," मुंगूस म्हणाला, "पण त्यासाठी रकाना नाही."

आलाच आहात तर म्हणून त्यानं भेट देणाऱ्यांच्या वहीत तिच्या पंजाचा ठसा घेतला.

पाच दिवसांनी ठमाबाई उतरत उतरत चौतिसाव्या मजल्यावर आली, तेव्हा खाली सभा भरली होती. भोंग्यावर प्रधान बगळा अहवाल वाचत होता. "बाधितांकडून मुदतीत एकही हरकत आलेली नाही. उलट एक वयोवृद्ध भगिनी मनोरा पाहण्यासाठी एकेचाळीस मजले पायी चढून आल्या. मित्रहो, याला जनतेचा कौल म्हणतात."

ठमाबाईला ब्रह्मांड आठवलं. ती जीव तोडून खोटं आहे, खोटं आहे म्हणत राहिली, पण टाळ्यांत कुणाला काही ऐकू गेलं नाही. त्याच टाळ्यांत दुसऱ्या मनोऱ्याचा ठरावही मंजूर झाला. त्यासाठी नदीचा पलीकडचा काठ निवडण्यात आला, कारण तिथं अजून ऊन पडत होतं.