डबीत मावलेली नऊ गाणी

गाणी काडेपेटीएवढ्या डबीत मावू लागली, त्या काळची ही गोष्ट. म्हाकू मेंढपाळाने अशी एक डबी घेतली. उद्या मेंढरं घेऊन तो चार महिन्यांसाठी निघणार होता, म्हणून गाणी भरायला डबी दुकानातल्या कॉम्प्युटरला लावली होती.

तिथे प्रत्येक गाणं दोन रूपांत उभं होतं: एक अख्खं, एक आटवून लहान केलेलं.

“मला घे,” अख्ख्या गाण्याची भारदस्त वेव्ह फाइल डबीला म्हणाली. “माझ्यात गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मात्र आम्ही नऊच मावू.”

“आम्ही शंभर मावू,” किडकिडीत एमपीथ्री म्हणाली. “माझ्यातलं थोडं गाळलंय, खोटं कशाला बोलू? पण ऐकणारा कसा ऐकतो, ते तरी बघ.”

“गाळलेलं, आणि माझ्या पोटात?” डबी फणकारली. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. नऊ कमी पडली तर? शंभर हलकी निघाली तर? हिला आत घे, तिला बाहेर काढ, असं दिवसभर चाललं. दुकान बंद व्हायला आलं, तेव्हा तिने घाईघाईने नऊ वेव्ह फाइली भरल्या.

माळावर म्हाकूने इअरफोनचं एकच टोक कानात घातलं. दुसरं गळ्याशी लोंबत राहिलं.

डबी कासावीस झाली. “अहो, दुसरंही घाला ना!”

“तो कान मेंढरांचा आहे, बाई,” म्हाकू म्हणाला. “लांडगा गाणं संपायची वाट बघत नाही.”

आठव्या दिवशी नऊच्या नऊ गाण्यांचा त्याला कंटाळा आला. डबी बंद करून त्याने घोंगडीत गुंडाळली आणि स्वतःच मोठ्याने गाऊ लागला.

घोंगडीतून डबी ऐकत राहिली. किती ओळी गाळत होता तो!