हाड सुटेपर्यंत

"...आणि डुकराचं?"

जयवंत अडखळला नाही. बकऱ्याचं, कोंबड्याचं, सशाचं मांस त्याने एका दमात संपवलं होतं. डोळे मिटून त्याने पुढचं सुरू केलं.

"जड. स्निग्ध. बळ देणारं, वात घालवणारं, घाम आणणारं. कष्टाने झिजलेल्याला आणि दुखण्यातून उठलेल्याला हितकर. ज्याचा अग्नी मंद, ज्याच्या अंगावर आधीच मेद, त्याला वर्ज्य."

"छान," अप्पा वैद्य म्हणाले. "आणि त्याचं विष कधी होतं?"

जयवंतने डोळे उघडले. पोथीतलं त्याचं पाठांतर इथे संपत होतं.

"जास्त खाल्लं तर."

"जास्त खाल्लं तर तूपसुद्धा..." अप्पांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी अंगणाकडे मान वळवली. "इनास, तू सांग रे."

इनास अंगणात गुळवेलीचे तुकडे करत बसला होता. हात पुसत तो पडवीच्या पायरीशी आला.

"पयला इचारूचा लागता, डुकर खंयचो. बांधून पेज-कोंडो घातलेलो, की गावभर फिरान घाण खाणारो. फिरणाऱ्याच्या मासात किडे असतत. कापल्यार तांदळाच्या कण्यांसारके पांढरे दाणे दिसतत. ता घरातच घेवचा नाय."

"आणि दाणे नसले तर?" जयवंतने विचारलं.

"तरी हाड सुटासर शिजवक व्हया. अर्धा कच्चा ऱ्हवला तर किडो पोटात वस्तीक ऱ्हवता. मगे कधी कधी डोक्यात जाता. आमच्या वाड्यावरच्या एकाक फेफरा येवक लागला, ता तसाच."

"ह्या तुका कोणी शिकवला?" अप्पांनी विचारलं.

"आवशीन. चुलीकडे."

अप्पा हसले. मनापासून, खांदे हलवत हसले.

आठ वर्षांत जयवंतच्या एकाही श्लोकावर ते असे हसले नव्हते.

अप्पांचं घर सह्याद्रीच्या पायथ्याशी, गोव्याच्या हद्दीला लागून. जयवंत तिथे घाटावरून आला होता, वैद्यकी शिकायला. आठ वर्षांत त्याने किती मुळ्या खणल्या, किती काढे आटवले, याला गणती नव्हती. पोथ्या तर त्याला अशा तोंडपाठ, की अप्पाच कधी कधी त्याला विचारून घेत. नाडी मात्र अप्पांनी त्याला कुणाची धरू दिली नव्हती.

"अजून नाही," एवढंच ते म्हणत.

इनास शिमग्याला आला. वाचताना अडखळायचा. आणि श्रावण लागायच्या आत अप्पांनी त्याचा हात धरून एका म्हातारीच्या मनगटावर नेऊन ठेवला होता.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

शिवाय अप्पा इनासशी मालवणीत बोलत. जयवंतशी बोलताना त्यांची भाषा आपोआप पुस्तकी होई, पाहुण्याशी व्हावी तशी. ही गोष्ट तशी लहान. पण मत्सर लहान गोष्टींवरच बाळसं धरतो. रात्री अंथरुणावर पडलं की जयवंतला मालवणीतलं ते हसू ऐकू यायचं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

डुकराचा विषय त्या दिवशी उगाच निघाला नव्हता. पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून पास्कू बसला होता.

पास्कू माडावर चढून नारळ पाडायचा. विषमज्वराने त्याला महिनाभर आडवा केला. सरकारी दवाखान्याने ताप घालवला, पण पायातलं बळ काही परत आलं नाही. गेल्या आठवड्यात तो एका माडावर अर्ध्यात जाऊन थरथरत चिकटून राहिला आणि त्याला चौघांनी उतरवून घेतलं. माडावर चढता येईना, तर पास्कूने खायचं काय आणि घरच्यांना घालायचं काय?

"डुकराचो रस्सो दे त्येका," अप्पा इनासला म्हणाले. "सोसात?"

"ताप जावन महिनो झालो. भूक लागता त्येका. सोसात. पण चरबी काढून टाकतंय. पयले दोन दिस नुसतो रस आणि चार फोडी. आल्या-मिरी घालतंय, मीठ कमी."

"आन मगे."

इनास आईकडून मांस घेऊन आला. घरी बांधून वाढवलेल्या डुकराचं. त्याने एकेक फोड उन्हाकडे धरून पाहिली आणि चरबी कापून बाजूला केली. अंगणातल्या चुलीवर मडकं चढलं.

या घरात एक रीत होती. रोग्याला जे द्यायचं, ते आधी सांगणाऱ्याच्या जिभेवरून जायचं. काडेकिराईत असो की एरंडेल, आधी वैद्याने गिळायचं, मग रोग्याने. जयवंतने ही रीत मुकाट्याने पाळली होती. त्याच्या घरी सात पिढ्यांत कुणी मांस खाल्लं नव्हतं, म्हणून मांसाचे सगळे श्लोक पाठ असूनही त्याने आजवर एकाही रोग्याला मांस सांगितलं नव्हतं.

दुसरीही एक रीत होती. थोरल्या शिष्याचा शब्द धाकट्याने पडताळायचा नाही.

उन्हं कलली होती. मडक्याला नुकती उकळी फुटली होती, तेवढ्यात पास्कूला घेरी आली.

"जयवंतदादा," इनास उठत म्हणाला, "वायच आग बघशात? मी त्येका पाणी दिवन, पाय चोळून येतंय."

"जा."

इनास गेला. मागे वळून न पाहता गेला.

जयवंत चुलीपुढे बसला. पडवीतून अप्पांचा आवाज येत होता. इनासला ते पास्कूची नाडी दाखवत होते. "हाड बोटाक लागता मां? तेच्या भितरल्या अंगाक चेप. हळू." आणि मग, "शाब्बास."

शाब्बास.

जयवंतने हात पुढे केला आणि चुलीतलं जाडं लाकूड मागे ओढलं. मग दुसरं. दोन्ही राखेत दाबली.

फार काही होणार नाही, तो स्वतःला समजावत होता. पास्कूचं पोट बिघडेल, दोन दिवस ढाळ होतील. अप्पा विचारतील, कुणी रांधलं? इनासने. एवढंच. कुणाला तरी एकदा कळायला नको, की चुलीकडे शिकलेली विद्या चुलीइतकीच असते?

किड्याचा विचार त्याच्या मनात आलाच नाही, असं नाही. आला. त्याने तो राखेखाली लोटला.

मडक्यातली उकळी बसली. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग पावलं वाजली तशी त्याने लाकडं परत आत सारली आणि फुंकर घातली.

"हाड सुटला?" इनासने विचारलं.

जयवंतने वर पाहिलं नाही.

"सुटलं."

"बरा झाला," इनास म्हणाला, आणि झाकण न उघडता त्याने मडकं उतरवलं. थोरल्याने सांगितलं होतं.

पडवीत केळीचं पान मांडलं गेलं. पास्कू वासानेच सावरून बसला. कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

इनासने पानावर रस आणि एक फोड वाढली. आता तो खाईल, जयवंतच्या मनात आलं. खाऊ दे. त्याचं तोंड, त्याचं पोट.

इनास पानापुढे बसायला लागला, तसा अप्पांनी त्याचा खांदा धरला.

"तू नको. रस्सो दे म्हणून मी सांगितलंय. मी खातंय."

"अप्पा, तुम्ही..." जयवंत म्हणाला.

"का? रीत आहे ना?"

"तुम्ही मांस खात नाही."

"रोगी खातो."

अप्पा पानापुढे बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अप्पा. दोन घास भात आणि ताक, यापलीकडे त्यांच्या पोटाला आताशा काही चालत नसे. त्यांनी फोड बोटांनी उचलली. बाहेरून ती चांगली तांबूस दिसत होती. आल्याचा वास येत होता.

जयवंतच्या कपाळाला घाम फुटला.

बोललं तर काय होईल, ते त्याला स्वच्छ दिसत होतं. आठ वर्षं पाण्यात. नाडी तर राहोच, उंबरठाही राहणार नाही. इनास उभा राहून बघेल. आणि नाही बोललं तर... कोण म्हणेल? एका फोडीने काय होतं? कदाचित काहीच होणार नाही.

अप्पांना घाई नव्हती. त्यांनी फोड फुंकून गार केली. ओठांपाशी नेली.

जयवंतने पुढे झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं.

फोड पानावर पडली. पडताना उकलली. आत ती गुलाबी होती.



"का रे?" अप्पांनी विचारलं.

"कच्चं आहे."

"इनास म्हणतो, शिजलं."

"त्याला मी तसं सांगितलं." "मी लाकडं ओढली, अप्पा. त्याला तुम्ही शाब्बास म्हणालात ना, तेव्हा. मला ते ऐकवलं नाही. तो आल्यापासून मला काहीच ऐकवत नाही."

बाहेर चूल धुमसत होती. पास्कू एकदा पानाकडे, एकदा जयवंतकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भूक होती. जयवंतला तेच जास्त लागलं.

इनासने पान उचललं आणि त्यावरचं सगळं चुलीत नेऊन टाकलं. मडकं पुन्हा चुलीवर चढवलं. लाकडं सारखी केली.

"पास्कूबाब," तो तिथूनच म्हणाला, "वायच उशीर आसा. धीर धरा."

मग तो जयवंतकडे न बघता म्हणाला, "ह्या खेपेक हाड मी बघीन."

"बघ," जयवंत म्हणाला.

त्याला उठायचं होतं. आपलं गाठोडं बांधून, कुणाला तोंड न दाखवता घाटाची वाट धरायची होती. त्याने अप्पांचा हात सोडायला बोटं सैल केली.

"सोडू नकोस," अप्पा म्हणाले.

जयवंतने खाली पाहिलं. घाबरून धरलेला हात, पण बोटं पडली होती ती नेमकी. अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटं, एकापाठोपाठ एक. आठ वर्षं दुरून बघून बघून ती जागा त्याच्या हाताला पाठ झाली होती.

"अप्पा, मला अधिकार नाही."

"काय लागतंय, ते सांग."

जयवंतने डोळे मिटले. सवयीने ओठावर श्लोक आला. त्याने तो गिळला.

"जलद आहे," तो म्हणाला. "फार जलद... बेडकासारखी उसळतेय. मध्येच चुकतेय." त्याने घाबरून डोळे उघडले. "अप्पा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

अप्पा शांत बसले होते. चेहऱ्यावर घामाचा थेंब नव्हता. श्वास संथ चालला होता.

"मी बरा आहे. ही नाडी माझी नाही, जयवंता, तुझ्याच बोटांतली आहे. ती निवेपर्यंत हात धरून बस... मग माझी लागेल."